पर्सनल फायरवॉल बनवणाऱ्यांना खुलं पत्र: आयपीव्ही६ ची वाहतूक तुम्ही खरंच बघता का?

पर्सनल फायरवॉल आणि इंटरनेट सिक्युरिटी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व विकणाऱ्या सर्व कंपन्यांना,

सप्रेम नमस्कार.

सांगली-मिरज भागात गेली एकोणीस वर्षं मी संगणक दुरुस्तीचं आणि नेटवर्क जोडणीचं काम करतो. दुकानं, दवाखाने, सीएंची ऑफिसं, शिकवणीचे क्लास अशी माझी गिऱ्हाइकं. त्यांच्या संगणकांवर तुमची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी नको ती वाहतूक अडवणारी सॉफ्टवेअर, मीच टाकतो. वर्षाची मुदत संपली की नवी की घालून देतो, आणि "आता काळजी नाही ना?" असं कोणी विचारलं की "काही काळजी नाही" म्हणून सांगून येतो. गेल्या पावसाळ्यापासून हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून हे पत्र.

मिरजेत औषधांची दुकानं किती आहेत हे इकडच्या माणसाला सांगायला नको. लांबलांबच्या गावांतून, कर्नाटकातूनही पेशंट इथे येतात. अशाच एका दुकानातून काकांचा फोन आला, बिलाचा प्रिंटर चालत नाही म्हणून. प्रिंटरचं काम दहा मिनिटांत झालं. निघता निघता नजर राउटरवर गेली. दिवाळीनंतर त्यांनी फायबरचं कनेक्शन घेतलेलं, त्याबरोबर राउटरही नवा आलेला. सहज संगणकाचा पत्ता तपासला, तर नेहमीच्या १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्याखाली आणखी तीन लांबलचक पत्ते. एक एफई८० ने सुरू होणारा, तो दुकानातल्या दुकानात चालणारा. बाकीचे दोन थेट इंटरनेटवरचे. इंटरनेट कंपनीने आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, चालू करून दिलं होतं आणि काकांना त्याची कल्पनाही नव्हती. असायचं कारणही नाही, नेट तर चालूच होतं.

त्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरला एक छोटं वेबपान आहे. दुकानातल्या वाय-फायवरून मोबाइलवर शिल्लक माल बघता यावा म्हणून दिलेलं, पोर्ट ८०८० वर (पोर्ट म्हणजे संगणकातल्या त्या त्या सेवेचा दार क्रमांक). मला शंका आली. माझ्या मोबाइलचं वाय-फाय बंद केलं, मोबाइल डेटा चालू केला आणि ब्राउझरमध्ये आधी दुकानाचा जुन्या पद्धतीचा बाहेरचा पत्ता घालून बघितला. काही उघडलं नाही. मग तो लांब पत्ता घेतला. आठ गट, मध्ये दोन-दोन ठिपके, संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर बघत टाइप केला, सगळ्याला चौकोनी कंस घातला आणि पुढे ८०८०. पहिल्यांदा एक अक्षर चुकलं. दुसऱ्यांदा पान उघडलं.

पासवर्ड विचारला नाही. वर मालाची यादी, खाली उधारीची. पेशंटचं नाव, मोबाइल नंबर, घेतलेलं औषध. मधुमेहाची औषधं होती, झोपेच्या गोळ्या होत्या, मानसिक आजारावरच्या गोळ्या होत्या. त्यातली दोन नावं माझ्या ओळखीची निघाली. मी स्क्रीन बंद केला.

काकांना सांगितलं, तर त्यांनी संगणकाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "अहो भाऊ, हिरवं आहे की हो! सगळं सुरक्षित आहे म्हणून लिहिलंय."

लिहिलेलं होतंच. हिरव्या गोलात बरोबरची खूण, आणि शेजारी 'तुमचा संगणक सुरक्षित आहे, फायरवॉल चालू आहे'. सेटिंगमध्ये शिरलो. फायरवॉल, त्यात प्रगत, त्यात अगदी तळाला एक चौकट होती: आयपीव्ही६ वाहतूक गाळा. ती रिकामी होती. कोणी छेडछाड केलेली नव्हती, सॉफ्टवेअर आलंच तसं. चौकटीत टिक केली, मोबाइलवर तेच पान परत उघडायला लावलं. गोल फिरत राहिला आणि शेवटी पान उघडलं नाही. एका टिकेचा फरक.

तुमचं फायरवॉल बसवलं की विंडोजचं स्वतःचं फायरवॉल सहसा बाजूला होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि विंडोजचं फायरवॉल दोन्ही प्रकारच्या पत्त्यांची वाहतूक बघतं. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला तेव्हापासून बघतं. म्हणजे काकांनी पैसे मोजून एक पहारेकरी आणला, त्याने आधीच्या पहारेकऱ्याला घरी पाठवलं, आणि स्वतः मात्र दोनांपैकी एकाच वाटेवर उभा राहिला. याचा मला खरा राग आहे. काही न विकत घेता ते जास्त सुरक्षित राहिले असते.

चूक एकट्या तुमची नाही, हे मान्य. वेबपानाला पासवर्ड न ठेवणाऱ्या बिलिंगवाल्यांची आहे. बाहेरून येणारी वाहतूक न अडवणारा राउटर हातात देणाऱ्या इंटरनेटवाल्यांची आहे. घरगुती राउटरने आयपीव्ही६ मध्ये निदान एवढी राखण करावी, असं सांगणारा आरएफसी ६०९२ हा इंटरनेटच्या तांत्रिक शिफारशींचा दस्तऐवज जानेवारी २०११ पासून उपलब्ध आहे. त्यांना मी वेगळं लिहितो आहे. पण शेवटचं दार तुमच्या ताब्यात असतं, आणि ते राखतो असं सांगूनच तुम्ही पैसे घेता.

इतकी वर्षं हे उघडं कसं पडलं नाही, तेही सांगतो. जुन्या आयपीव्ही४ मध्ये पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसत होतंच, म्हणून एका बाहेरच्या पत्त्याआड घरातले सगळे संगणक ठेवायची युक्ती रूढ झाली. सोसायटीला एकच फाटक असावं तसं. न बोलावता आलेल्या माणसाला कोणत्या मजल्यावर, कोणाकडे जायचं हे फाटकावर ठरवता येत नाही, आणि तो तिथूनच परत जातो. ही युक्ती पत्ते वाचवण्यासाठी होती, राखणीसाठी नव्हती. तरी तिने आपल्या सगळ्यांना झाकून ठेवलं, आणि तुमच्या फायरवॉलमधल्या उणिवाही झाकल्या. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे आयपीव्ही४ पत्ते वाटून संपले. आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांची टंचाईच नाही, त्यामुळे प्रत्येक संगणकाला, मोबाइलला, कॅमेऱ्याला स्वतःचा पत्ता मिळतो. प्रत्येक घराचं दार थेट रस्त्यावर. तिथे त्या त्या दाराच्या कुलपालाच अर्थ उरतो.

"आमच्या गिऱ्हाइकांकडे आयपीव्ही६ कुठे असतं?" हे उत्तर मी तुमच्यापैकी एकाच्या मदत केंद्राकडून ऐकलं आहे. भारतात बसून हे उत्तर देता येत नाही. २०१६ मध्ये जिओ आलं आणि या देशात आयपीव्ही६ चा वापर झपाट्याने वाढला. आज या बाबतीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ठरवून दिलं की ३१ डिसेंबर २०२२ नंतर दिलेलं प्रत्येक नवं घरगुती वायरलाइन कनेक्शन आयपीव्ही६ वाहून नेण्याजोगं असलं पाहिजे. सरकारने हे ठरवून आणलं आहे, आणि माझ्या मते योग्यच केलं. म्हणजे मिरजेतल्या काकांकडे आलं तसं ते न विचारता, न सांगता प्रत्येक दुकानात येणार आहे. आणि हे नवंही नाही. आयपीव्ही६ ची मूळ नियमावली डिसेंबर १९९५ ची आहे. विंडोज व्हिस्टापासून ते संगणकात आपोआप चालू असतं. एवढ्या काळात एक चौकट टिक करून द्यायला वेळ मिळाला नाही, हे मला पटत नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटचा विचार तर अजूनच निकडीचा आहे. आमच्याकडची कॉलेजची मुलं लॅपटॉपला नेट देतात ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. मोबाइलला आयपीव्ही६ मिळालेलं असलं की बहुतेक वेळा लॅपटॉपलाही स्वतःचा थेट इंटरनेटवरचा पत्ता मिळतो. मध्ये राउटरचं फायरवॉल नाही, काही नाही. मोबाइल कंपनीने वाटेत अडवलं तर अडवलं, ते गृहीत धरता येत नाही. त्या लॅपटॉपवर बाहेरच्या माणसाला थांबवणारं एकच काही आहे, आणि ते तुमचं सॉफ्टवेअर आहे.

आता ज्यांनी चौकट टिक करून दिली आहे त्यांच्याबद्दल. माझ्यापुरते मी निरनिराळ्या कंपन्यांचे फायरवॉल जुन्या लॅपटॉपवर टाकून बघितले. नावं लिहीत नाही, कारण एका माणसाने रात्री दुकान बंद करून केलेली ही तपासणी आहे आणि आवृत्ती बदलली की चित्र बदलतं. पण एका ठिकाणी जे दिसलं ते रिकाम्या चौकटीइतकंच त्रासाचं होतं. तिथे गाळणी चालू केली आणि दोन-चार मिनिटांत आयपीव्ही६ मेलंच. कारण शोधायला एक संध्याकाळ गेली. त्या फायरवॉलने आयसीएमपीव्ही६ ची, म्हणजे यंत्रं एकमेकांना नेटवर्कबद्दल जे निरोप पाठवतात त्यांची, सगळी पॅकेट (माहितीचे छोटे गठ्ठे) सरसकट अडवली होती.

जुन्या पद्धतीत पिंग, म्हणजे 'आहेस का?' ही विचारणा, बंद केलं तरी नेट चालतं, त्यामुळे आयसीएमपी म्हणजे नसती कटकट, अडवा, अशी सवय आपल्या सगळ्यांनाच लागली आहे. मलाही होती. आयपीव्ही६ मध्ये ही सवय अंगावर येते. शेजारच्या यंत्राचा पत्ता विचारायचं जे काम पूर्वी एआरपी करायचं, ते आता आयसीएमपीव्ही६ चे १३५ आणि १३६ क्रमांकाचे निरोप करतात. राउटर विचारतो, "हा पत्ता कोणाचा?" संगणकाच्या फायरवॉलने तो प्रश्नच आत येऊ दिला नाही, तर उत्तर जात नाही, आणि राउटरच्या लेखी तो संगणक नाहीसा होतो. राउटर स्वतःची ओळख देतो ती १३४ क्रमांकाच्या निरोपाने. तो अडला तर संगणकाला बाहेरचा रस्ताच कळत नाही. तिसरं उदाहरण फार फसवं आहे. आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर मोठं पॅकेट तोडून देत नाही. 'पॅकेट मोठं आहे' असा क्रमांक २ चा निरोप परत पाठवतो आणि पाठवणाऱ्याने ते लहान करायचं असतं. हा निरोप अडवला की काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर थांबतात. गिऱ्हाईक म्हणतं नेट हळू झालं, इंटरनेट कंपनी म्हणते आमच्याकडून बरोबर आहे, आणि हेलपाटे मी घालतो. यातलं काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं हे आरएफसी ४८९० मध्ये मे २००७ पासून लिहून ठेवलेलं आहे. ते उघडून बघायला हवं होतं.

बरं, आयपीव्ही६ मेलं तरी गिऱ्हाइकाला बऱ्याचदा कळतही नाही. ब्राउझर गुपचूप जुन्या वाटेने जातो. त्यामुळे अशा तक्रारी तुमच्यापर्यंत पोचत नसतील, हे मी समजू शकतो.

नियम लिहायच्या खिडकीचंही तसंच. काही ठिकाणी 'विश्वासाचं नेटवर्क' या रकान्यात जुना, चार आकड्यांचाच पत्ता मावतो. विंडोज घरातल्या घरात एकमेकांशी बोलताना बऱ्याचदा एफई८० वाला पत्ताच वापरतं, मग शेजारच्या टेबलावरची शेअर केलेली फाइल उघडत नाही. अशा वेळी माणूस काय करतो? फायरवॉल पूर्ण बंद करतो. मी हे सीएंच्या ऑफिसात, तेही रिटर्न भरायच्या दिवसांत, डोळ्यांनी बघितलं आहे. ज्यांच्या यादीत लांब पत्ता मावतो, तिथे दुसरी अडचण. संगणक आपला बाहेर दिसणारा पत्ता खासगीपणासाठी बदलत राहतो. विंडोजमध्ये साधारण रोज नवा तात्पुरता पत्ता होतो आणि जुना सात दिवसांपर्यंत जिवंत राहतो. माझ्याकडे तर राउटर बंद-चालू केला की पत्त्याचा पुढचा भागही बदलतो. मग पूर्ण पत्त्यावर बेतलेला नियम उद्या कोणाला लागू होणार? नियम प्रोग्रामवर, पोर्टवर आणि 'आतलं की बाहेरचं' यावर बेतायला हवा. लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, मात्र पूर्ण पत्ता दिसायला हवा. अर्धा कापलेला पत्ता आणि पुढे तीन टिंबं बघून मी काय शोधणार?

तुमच्यातल्या जाणकारांनी मला एक युक्तिवाद ऐकवला आहे, त्याला उत्तर देणं भाग आहे. ते म्हणतात, आयपीव्ही६ मध्ये पत्ते इतके आहेत की कोणी शोधतच येणार नाही. आकडा खरा आहे. एका घराच्या एका नेटवर्कमध्ये २ चा ६४ वा घात एवढे पत्ते असतात. सेकंदाला दहा लाख पत्ते तपासले तरी एक घर धुंडाळायला सुमारे ५ लाख ८५ हजार वर्षं लागतील. पण शोधायची गरज कोणाला आहे? तुम्ही ज्या साइटवर जाता तिला तुमचा पत्ता आपोआप कळतो. टॉरेंट चालवलं की समोरच्या अनोळखी माणसांना कळतो. एखाद्या कॅमेऱ्याचा पत्ता त्याच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून तयार झालेला असेल तर त्याचा बराचसा भाग अंदाजाने काढता येतो. आणि आज कळलेला तात्पुरता पत्ता पुढचे काही दिवस बाहेरून आत यायलाही चालतो. पत्ता अवघड आहे म्हणून दाराला कुलूप नको, असं आपण घराच्या बाबतीत कधी म्हणत नाही.

दुसरा सल्ला मला अनेकदा मिळाला: आयपीव्ही६ बंदच करून टाका. मीही काही वर्षं हेच करत होतो, कबूल करतो. पण मायक्रोसॉफ्ट स्वतः ते बंद करू नका असं सांगतं. पुढे साइट, सेवा आणि मोबाइल नेटवर्क याच वाटेने चालणार असतील तर आज दहा ठिकाणी बंद केलेलं मलाच दहा ठिकाणी जाऊन चालू करायचं आहे. शिवाय ज्याच्या घरी माझ्यासारखा माणूस येत नाही, त्याचं काय?

फायरवॉलला सगळं जमत नाही हेही मला माहीत आहे, आणि ते तुम्ही गिऱ्हाइकाला सांगितलं तर मी तुमचा आदरच करेन. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या आयपीव्ही६ हाताळणीत एक गंभीर दोष निघाला. सीव्हीई-२०२४-३८०६३ हा त्याचा क्रमांक आणि तीव्रता १० पैकी ९.८. मुद्दाम रचलेली आयपीव्ही६ पॅकेट पाठवून संगणकाचा ताबा घेता येईल असा तो होता. तो शोधणाऱ्या संशोधकाने तेव्हाच सांगितलं की संगणकावरच्या फायरवॉलने आयपीव्ही६ अडवून उपयोग नाही, कारण पॅकेट फायरवॉलपर्यंत पोचायच्या आधीच दोष उद्भवतो. अपडेट टाकणं हाच उपाय होता, आणि लगेच अपडेट टाकता येत नसेल त्याला तात्पुरतं आयपीव्ही६ बंद करण्याची वाट. त्या आठवड्यात तुमच्यापैकी एकाच्या तरी हिरव्या खुणेशेजारी 'हे आमच्या हातात नाही, आधी विंडोज अपडेट करा' अशी ओळ दिसेल, म्हणून मी गिऱ्हाइकांच्या पडद्यांकडे बघत होतो. मला कुठे दिसली नाही. मी स्वतः फोन करून अपडेट टाकायला लावले.

आता माझं मागणं. चौकट टिक करूनच पाठवा. जे नियम आयपीव्ही४ ला, तेच न सांगता आयपीव्ही६ ला लागू होऊ द्या. गिऱ्हाइकाने दोनदा लिहायची वेळ आणू नका. लिनक्सवाल्यांनी फायरवॉलच्या नियमांसाठी आयपीटेबल्स आणि आयपी६टेबल्स असे दोन वेगळे तक्ते ठेवून हा त्रास भरपूर भोगला. एकात नियम लिहिले आणि दुसरा कोरा राहिला, असे सर्व्हर मी स्वतः दुरुस्त केले आहेत. म्हणून तर पुढे त्यांच्या जागी आलेल्या एनएफटेबल्समध्ये दोन्हींसाठी एकच तक्ता लिहायची सोय आली. आयसीएमपीव्ही६ चे गरजेचे निरोप सोडा, बाकीचे अडवा. तुकडे केलेल्या आणि मथळ्यांची (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीची) साखळी लावलेल्या पॅकेटमध्ये पोर्ट दिसत नसेल तर ते सोडू नका. सगळे मथळे पहिल्याच तुकड्यात हवेत, असं आरएफसी ७११२ ने जानेवारी २०१४ मध्येच ठरवलं आहे. आयपीव्ही४ च्या पोटात लपवून नेलेलं आयपीव्ही६, म्हणजे टेरेडोसारखे बोगदे, साधं यूडीपी (नेहमीचा एक वाहतूक प्रकार) समजून जाऊ देऊ नका.

आणि यातलं काही जमत नसेल तर हिरवी खूण दाखवू नका. पिवळी दाखवा, आणि मराठीत लिहा: 'तुमच्या संगणकाला आयपीव्ही६ पत्ता आहे. आम्ही ती वाहतूक बघत नाही.' काकांना हे एक वाक्य समजलं असतं. त्यांनी त्याच दिवशी मला फोन केला असता. ते अडाणी नाहीत, दुकानात येणारी प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचून औषध देणारा माणूस आहे तो.

तपासायला तुम्हाला प्रयोगशाळा लागत नाही. एक लॅपटॉप आयपीव्ही६ असलेल्या कनेक्शनवर ठेवा, त्यावर तुमचं सॉफ्टवेअर जसं येतं तसं टाका, एखादं साधं वेबपान ८०८० वर चालू ठेवा. राउटरचं फायरवॉल बंद करा, म्हणजे तुमच्याच दाराची परीक्षा होईल. वाय-फाय बंद केलेल्या मोबाइलवरून तो लांब पत्ता टाइप करा. अर्ध्या तासाचं काम आहे. जे दिसेल ते तुमच्या वेबसाइटवर आवृत्तीच्या क्रमांकासह लिहा.

काकांच्या दुकानातलं वेबपान मी त्याच दिवशी बंद केलं. बिलिंगवाल्यांनी आता त्याला पासवर्ड दिला आहे. काका मला तेव्हापासून एकच विचारतात, ती यादी आधी कोणी बघितली असेल का? त्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये आयपीव्ही६ ची एकही नोंद नाही, त्यामुळे मला उत्तर देता येत नाही.

मार्चअखेर माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांची मुदत संपते. चौकट टिक करून येणार की नाही, एवढं त्याआधी कळवा. तोवर मी रोज दोन-तीन ठिकाणी जाऊन ती हातानेच टिक करतो आहे.

आपला,
एक संगणक दुरुस्ती करणारा
सांगली